सोळा नंबरच्या भिंतीवरचा खडू

केरमोर, ४ सप्टेंबर २०२३

गुल्वेन,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. बावीस वर्षांत ज्याने मला नाताळला एक ओळ पाठवली नाही, त्याला प्रिय म्हणण्याइतकी मी अजून मवाळ झालेले नाही. तुझा पत्ता चर्चच्या फादरकडून काढला. तेही सरळ देईनात. "आबग्रालबाईंना विचारलंत का?" म्हणाले, म्हणजे तुझ्या आईला. मी म्हटलं, "फादर, तुमच्या आबग्रालबाई बावीस वर्षं माझ्या मागच्या बाकावर बसतात. प्रार्थनेत शांतीचा हात द्यायची वेळ आली की पर्समध्ये रुमाल शोधायला लागतात. दर रविवारी तोच रुमाल. अशा बाईला मी काय विचारू?" त्यांनी गुपचूप लिहून दिला. सें-पिएर बेट, मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस म्हणे. पृथ्वीच्या पाठीवर एवढीच एक जागा सापडली का तुला, जिथे केरमोरपेक्षा जास्त धुकं आहे?

लिहायचं कारण असं. 'पासियांत' भंगारात निघाली. आपली 'पासियांत'. अंतिम धक्क्याला आणून उभी केली आहे, आतून सगळी सोलून काढली आहे, आणि नोव्हेंबरपर्यंत तिचे तुकडे होणार. त्याआधी २० ऑक्टोबरला निरोपसमारंभ. बँड, भाषणं, कोमट सायडर. आणि मला पत्र आलंय. कोण्या कमांडर द केरसाब्येकचं. वयाने माझ्या भाच्याएवढा असेल. लिहितो, "जहाजावरील पहिल्या महिला अग्निसुरक्षा प्रमुख म्हणून आपल्या निष्कलंक सेवेच्या स्मरणार्थ प्रशिक्षण शाळेत पाटी लावण्याचे योजिले आहे." माझं आडनाव त्याने एकाच 'एल'ने लिहिलंय. निष्कलंक म्हणायला यांचं काय जातं! मी त्र्याण्णव साली जहाजावर आले तेव्हा यांच्याच आधीच्या पिढीने माझ्या लॉकरला एप्रन टांगला होता. आठवतं ना तुला? तूच तो काढून भटारखान्यात नेऊन दिलास आणि म्हणालास, "चीफचा नाही, चुकून आला." तेव्हा निष्कलंक कोणी म्हटलं नाही. आता म्हातारी झाले, बोलायला दम राहिला नसेल, असं वाटतंय त्यांना.

राग पाटीचा आहे असं नाही. राग कशाचा आहे ते मला नीट सांगता येत नाही, आणि मला नीट सांगता येत नाही असं फार कमी असतं.

चौकशीत मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. हे पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे तू तिकडे धुक्यात बसून भलतं काही समजू नयेस. वेल्डिंग चालू असताना भिंतीमागे बसवलेल्या राखणदाराने जागा सोडायची नसते. तू जागेवर सापडला नाहीस. सतरा नंबरच्या कप्प्यात गाद्यांनी पेट घेतला आणि आपला खलाशी मालो त्यात गुदमरून मेला. यात मी एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

जुन्या लोकांना ११ तारखेला एकदा आत जाऊन पाहायची मुभा आहे. मी जाणार. जहाज जातंय एवढं तुला कळावं, म्हणून हे पत्र.

सोलांज केर्व्हेला

•

केरमोर, १२ सप्टेंबर

गुल्वेन,

काल गेले होते. रात्रभर बसून आठवलं, आज लिहितेय. मधे तोडू नकोस, पूर्ण वाच.

जहाज तोडणाऱ्यांचा मुकादम फांश नावाचा आहे. चाळिशीचा, पोट पुढे, तोंडाचा पट्टा सतत सुरू. दारातच मला अडवलं.

"बाई, हेल्मेट."

"मी या जहाजावर हेल्मेट घालून फिरत होते तेव्हा तू अर्ध्या चड्डीत होतास."

"तरी घाला. डोकं तुमचं, पण कागद माझे."

उत्तर आवडलं. घातलं.

आत ओळखू येत नव्हतं रे. अस्तर सगळं काढलंय, लाकूड नाही, वायर नाही, नुसतं पोलाद. आपण दुरुस्तीला गोदीत उभे होतो तेव्हा जसं होतं ना, त्या मार्चमध्ये, अगदी तसं. फक्त दारांवरचे नंबर राहिलेत. डावीकडे सम, उजवीकडे विषम. मधल्या बोळातून चालताना मी आपसूक पुटपुटत होते. बारा, तेरा. चौदा, पंधरा. फांश म्हणाला, "जपमाळ ओढताय का?" मी म्हटलं, "नन्सच्या शाळेत शिकलेय, तशीही सवय आहे."

सतरात मी गेले नाही. दाराशी उभी राहिले. तिथला रंग बावीस वर्षांपूर्वी नवा दिला होता, आता तो पोपडे धरून निघालाय आणि खाली काळं आहे. फांशने टोपी काढली. त्याला ठाऊक होतं. केरमोरमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं.

मग मी वळले. समोर सोळा नंबरचं दार. उघडंच होतं. काही कारण नव्हतं आत जायचं.

बोळाकडच्या भिंतीवर, आतल्या बाजूने, खांद्याच्या उंचीला, खडू. अस्तराच्या मागे झाकला गेला म्हणून राहिला. काल परवा लिहिल्यासारखा.

१६. २:१० गार.
२:४० गार.
३:१० गार?
गु. आ. हुकूम: सो. के.

फांशने दिवा धरला. "बाई, हे काय? कोणाची आद्याक्षरं?"

मी म्हटलं, "जुनं काहीतरी."

"सो. के. म्हणजे?"

"दिवा खाली घे, डोळ्यांवर येतोय."

त्याने खाली घेतला. मला तिथे बसायला काही नव्हतं, म्हणून उभी राहिले.

आता ऐक. मी इतकी सहजी मान डोलावणारी बाई नाही. रात्रभर मी तुझ्याविरुद्ध बाजू मांडली. म्हटलं, हे आगीनंतर लिहिलं असेल, स्वतःला वाचवायला. मग आठवलं, तू मालोला बाहेर ओढलंस तेव्हा तुझे दोन्ही तळवे दाराच्या कडीला चिकटून सोलले गेले होते. चार वाजायच्या आत तुला हॉस्पिटलात नेलं. तीन आठवडे तुझे हात पट्ट्यांत होते. चमचा धरता येत नव्हता, खडू कुठला. आणि संध्याकाळपासून बोळावर पहारा होता. तू परत येईपर्यंत नवं अस्तर बसलं होतं.

म्हणजे ते त्याच दुपारी लिहिलेलं आहे. दर अर्ध्या तासाला, हाताची मागची बाजू भिंतीला लावून, कप्प्याचा नंबर, वेळ, भिंत गार की गरम, स्वतःचं नाव आणि कोणाच्या हुकमाने. हा नियम कोणाचा? माझा. "खडूने लिहिल्याशिवाय राखण झाली असं मी मानणार नाही," असं दर तुकडीला पहिल्याच दिवशी कोण ओरडून सांगायचं? शंभरातल्या नव्व्याण्णवांनी ते ऐकलं नाही. तू ऐकलंस. तुलाच बरी अवदसा आठवली.

आणि तिसऱ्या ओळीपुढे ते प्रश्नचिन्ह. पलीकडे बोळात तासभर वेल्डिंग चाललंय, कानाला ऐकू येतंय आणि भिंत गार कशी, हा तो प्रश्न आहे. म्हणून तू बाहेर आलास. मला विचारायला आलास. चौकशीत तू हेच म्हणालास, "मी चीफना शोधायला गेलो होतो." ते हसले होते. मीही ओठ दाबले होते.

मी कुठे होते ते लिहिते: धक्क्यावर, पाहुण्या अॅडमिरलच्या कॉफीला. केक होता. खाऱ्या लोण्याचा.

आज एवढंच.

सो. के.

•

केरमोर, १९ सप्टेंबर

गुल्वेन,

माझं चार तारखेचं पत्र परत आलं. न उघडता. वर तुझ्या अक्षरात 'घेणार नाही'. बारा तारखेचंही येईल, येऊ दे. वा! बावीस वर्षांत दोन शब्द आले, तेही पोस्टमनसाठी.

पहिल्यांदा इतकी चिडले की पाकीट चुलीत टाकायला निघाले. मनात म्हटलं, पळून कोण गेलं? राजीनामा देऊन समुद्रापलीकडे कोण जाऊन बसलं? लढायचं होतं. वकील करायचा होता. भर चौकात माझ्या तोंडावर म्हणायचं होतं, "बाई, तू खोटारडी आहेस." मी तुला इतकी वर्षं शिकवलं, आणि तू आगीसमोर उभा राहतोस पण माझ्यासमोर नाही? हे मी स्वयंपाकघरात मोठ्याने बोलले. शेजारच्या मादाम ल दांतेकने भिंतीवर टकटक केलं.

मग ध्यानात आलं की 'बाई, तू खोटारडी आहेस' हे माझंच वाक्य आहे. ते तू कधी म्हणालाच नाहीस. ते मी म्हणतेय.

तर आता लिहिते. हे पत्रही तू उघडणार नाहीस, त्यामुळे लिहायला सोपं जातंय. पापाच्या कबुलीच्या खोलीत जाळीमागे फादर असतात, इथे जाळीमागे कोणीच नाही.

त्या दिवशी, १३ मार्चला, वेल्डिंगचा सकाळचा परवाना मी शाईने बरोबर लिहिला. कप्पा सतरा. पण परवाना कोण वाचतं? कोणी नाही. सगळे शिडीजवळची काळी पाटी वाचतात, कारण पाटी चालता चालता वाचता येते. जेवणानंतर वेल्डरांचा माणूस आला, "बोळाच्या उजवीकडच्या भिंतीपासून सुरू करतोय" म्हणाला. मी पाटीसमोर उभी होते, जहाजाच्या शेपटाकडे तोंड करून. उजवा हात ज्या बाजूला होता तिकडे पाहिलं आणि खडूने लिहिलं: राखण, कप्पा १६, आबग्राल.

उजवी म्हणजे जहाजाची उजवी. स्वतःची नव्हे. तोंड कुठेही असो. हा पहिल्या दिवसाचा, पहिल्या तासाचा धडा. जो चुकायचा त्याला मी आठवडाभर उजव्या हातावर काळी पट्टी बांधून फिरवायचे. आणि मी स्वतः चुकले, कारण धक्क्यावर अॅडमिरल येणार होता, मला गणवेशाची बटणं घासायची होती, आणि माझं नाव तो घेणार आहे असं कोणीतरी कानात सांगितलं होतं.

इथपर्यंत ती चूक आहे. माणूस चुकतो. इथपर्यंत मी स्वतःलाही माफ केलं असतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं नाही ते आता लिहिते. आग विझली चार वाजता. मालोला धक्क्यावर ठेवला होता, चेहरा झाकून. मी शिडी चढून वर आले आणि पाटीसमोर उभी राहिले. पाटी पाळी बदलते तेव्हा पुसायची, म्हणजे पाच वाजता. मी चौकशीत सांगितलं, "नियमाप्रमाणे पुसली." चौकशीवाल्यांनी विचारलं नाही किती वाजता. मी चार वाजून दहा मिनिटांनी पुसली. आधी वाचली, मग पुसली. बाहीने. गणवेशाच्या बाहीला खडू लागला म्हणून पाण्याने धुतला.

आणि नंतर हात वर करून शपथेवर म्हणाले, "पाटीवर सतरा होतं."

तू म्हणालास, "मी पाटीवर वाचलं तिथेच होतो." तुझ्या शब्दासमोर माझा शब्द. तू बत्तीस वर्षांचा हवालदार. मी चीफ, नन्सच्या शाळेतली, जिने आयुष्यात कधी एक मिनिट उशीर केला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रश्नच मिटला. कोणाला वाटलंसुद्धा नाही की ही बाई खोटं बोलेल. मला आता त्यांचाही संताप येतो. इतकं सोपं का करून ठेवलं त्यांनी? एकाने जरी विचारलं असतं, "मादाम, किती वाजता पुसलीत?" तर मी तिथेच कोसळले असते. पण कोणी विचारलं नाही, आणि मी बावीस वर्षं ताठ बसले.

आणि तुझी आई दर रविवारी माझ्या मागे बसली, आणि तिने हात दिला नाही म्हणून मी तिला उर्मट म्हणत राहिले. फादरलाही, या महिन्यातसुद्धा.

सिस्टर मारी-आंद्रे आम्हाला म्हणायच्या, पाटी पुसली म्हणजे गणित सुटलं असं नाही. लहानपणी वाटायचं, काय कटकट आहे.

सो. के.

•

केरमोर, ३ ऑक्टोबर

गुल्वेन,

दुसरंही पत्र परत आलं. तिसरं येईलच. सगळी एका चपलांच्या खोक्यात ठेवतेय.

२२ तारखेला मी वकिलाकडे जाऊन जबाब लिहून दिला. पाच पानं. वेळांसकट. एक प्रत सरकारी वकिलाकडे, एक नौदलाच्या कचेरीत, एक त्या कमांडर द केरसाब्येकला. त्याने मला तिसऱ्या दिवशी बोलावलं. कॉफी दिली. मी घेतली नाही. मला आता सरकारी कॉफी नको.

"मादाम केर्व्हेला, आपल्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाहीत, जबाब आहे. पाच पानं. वाचलीत?"

"वाचला. पण इतक्या वर्षांनी... आणि समारंभ तोंडावर आलेला... आपण फोटो काढून फाईलला लावू या. योग्य वेळी योग्य मंडळी पाहतील."

"तोपर्यंत जहाज कापलेलं असेल."

"फोटो असेल ना."

"फोटोतला खडू कोणीही कालचा म्हणेल. मला भिंत पाहिजे. तो पत्रा. कापून, पेटीत घालून, सीलबंद."

तो हसला. वाईट हसला नाही, थकलेलं हसला. "मादाम, आपल्याच नावाची पाटी आम्ही लावतोय, आणि आपण..."

"म्हणूनच," मी म्हटलं. "ती लावलीत तर मी उद्घाटनाला येईन आणि खडू घेऊन येईन. आणि आडनावात दोन 'एल' असतात."

त्याने मग फोन उचलला आणि गोदीला सांगितलं की सोळा नंबरला कोणी हात लावायचा नाही. त्याचा भित्रेपणा मनापासूनचा नव्हता, नोकरीतला होता. अशा लोकांना जरा आधार दिला की उभे राहतात. पण बावीस वर्षांपूर्वी मलाही कोणी आधार दिला असता तर मी उभी राहिले असते, असं मात्र मी म्हणणार नाही. मला कोणी ढकललं नव्हतं.

काल पत्रा कापला. त्याचं सांगते, कारण ते तुला आवडेल, आवडलं नाही तर निदान कळेल.

फांश म्हणाला, "बाई, इथे रोज सकाळी अख्ख्या जहाजाचा एकच आगकामाचा परवाना निघतो. त्यात हेही आलं."

"या भिंतीचा वेगळा निघेल."

"चार माणसं नुसती उभी आहेत माझी."

"बसव त्यांना."

मी परवाना लिहिला. जहाजाच्या नाकाकडे तोंड करून. मग दारापाशी गेले, दारावरचा नंबर मोठ्याने वाचला, फांशला वाचायला लावला, त्याच्या माणसांना वाचायला लावला. ते हसत होते. पोलिश होते बिचारे, 'सोळा' एवढा एक फ्रेंच शब्द त्यांना आता जन्मभर येईल.

"राखणदार कोण?" फांशने विचारलं. "माझा एक माणूस देतो पलीकडे."

"मी."

"बाई, अडुसष्ट वर्षांच्या आहात."

"हाताच्या मागच्या कातडीला वय नसतं. स्टूल दे."

बोळात स्टूल ठेवलं. शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक. पुढे सोळाची भिंत, तिच्यापलीकडे खडू. मागे सतरा. पाठीला लागून. मी मालोला पाठ करून बसले होते, आणि तसंच बसावं लागतं, कारण राखणदाराने भिंतीकडे तोंड करायचं असतं.  

त्यांनी गॅसने नाही, करवतीने कापलं, खडू जळू नये म्हणून. ठिणग्या तरीही उडतात. मी दर दहा मिनिटांनी हात लावत होते. गार. कोमट. गरम. भिंत बरोबर असली की ती गरम होते, गुल्वेन. एवढीच गोष्ट आहे. माझ्या हाताला ती गरम लागली, आणि मला तुझा तो हात दिसला. गार भिंतीवर एक तास ठेवलेला, सांगितलं म्हणून.

पत्रा निघाला. मीटरभर रुंद, तेवढाच उंच. पेटीत घातला, कमांडरच्या माणसाने सील केलं. सगळे आवरून निघाले. मी बसून राहिले. काम संपल्यावर एक तास राखणदाराने बसायचं.

फांश परत आला. "बाई, भिंत गार झाली. भिंत काय, भोक आहे नुसतं."

"भोकाला कडा आहेत."

तो एक रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर बसला, तास पुरा होईपर्यंत. शेवटी म्हणाला, "माझे काका मालोबरोबर शाळेत होते. घरी कोणी आबग्रालचं नाव घेतलं की आजोबा थुंकायचे."

"आता माझ्या नावाने थुंकायला सांग."

"आजोबा गेले."

"मग तू थुंक."

"मी जहाजात थुंकत नाही," तो म्हणाला. "कागद माझे आहेत."

सो. के.

•

केरमोर, १२ ऑक्टोबर

गुल्वेन,

या पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील, म्हणून उघडशील. आत चारही आधीची पत्रं आहेत, क्रमाने: तीन परत आलेली, चौथं मी पाठवलंच नव्हतं. पत्ता तुझ्या आईने लिहिलाय. तिला अडीच मिनिटं लागली आणि मी मदत करायला गेले तर तिने हात झटकला.

रविवारी मी वृद्धाश्रमात गेले. ती आता तिथे राहते, चर्चला गाडीने आणतात. दुपारची वेळ, जेवणघरात सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. पाटी, बाही, चार वाजून दहा मिनिटं. आवाज माझा मोठाच आहे, तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. एका बाईचा चमचा खाली पडला. कोणी उचलला नाही.

तुझी आई ऐकत होती. मान हलली नाही. मी संपवलं आणि हात पुढे केला. मूर्ख सवय, चर्चची.

"तो हात खाली घे," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी या बाईशी चुकीचं वागतेय. दर शनिवारी कबुली द्यायचे मी. एका निष्पाप बाईचा राग केला म्हणून. फादरने किती प्रार्थना म्हणायला लावल्या असतील माझ्याकडून, मोज."

मी काही बोलले नाही. गुल्वेन, मी काही बोलले नाही, याची नोंद घे.

"मुलगा म्हणाला होता मला," ती पुढे म्हणाली. "आई, पाटीवर सोळा होतं. मी म्हटलं, बाळा, केर्व्हेलाबाई खोटं बोलणार नाहीत. हे मी म्हटलं. त्यानंतर तो गेला."

तेव्हा मला कळलं तू कुणापासून दूर गेलास. चौकशीपासून नाही, माझ्यापासूनही नाही. मी फक्त तुझी नोकरी घेतली असं मला वाटत होतं.

मी म्हटलं, "मी छापून आणीन. पेपरात देईन. २० तारखेला सगळ्यांसमोर बोलेन, भाषण तयार आहे."

"मला पेपर दिसत नाही. मोठं असेल तरच दिसतं." तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे काळी पाटी आहे, स्वयंपाकी त्यावर रोजचं जेवण लिहितो. लीकचं सूप, कॉड मासा, सफरचंदाची खीर. "तिथे लिही. मोठं."

मी फडकं घेतलं. पाटीसमोर उभी राहिले, आणि माझा हात पुढे जाईना. मला पुसायचं होतं पुन्हा एकदा, आणि मला ते जमेना. शेवटी स्वयंपाकी आला, त्याने पुसली. मी खडू घेतला. सिस्टर मारी-आंद्रेंच्या वळणात, एकेक अक्षर हाताएवढं:

गुल्वेन आबग्राल जागेवर होता.
कप्पा १६. हुकूम: सोलांज केर्व्हेला.

तुझ्या आईने वाचलं. ओठ हलवत, दोनदा. मग जेवायला लागली.

पाच वाजता स्वयंपाकी रात्रीचं जेवण लिहायला फडकं घेऊन आला. ती जागची हलली नाही, काठी तेवढी आडवी केली.

"आजी, पण लोकांना कळायला नको का काय जेवायचंय?"

"तोंडाने सांग," ती म्हणाली. "तुला तोंड आहे ना?"

आज चौथा दिवस. मी रोज जाते, दारापासूनच पाहते. पाटी तशीच आहे. खडू थोडा फिकट झाला की ती परिचारिकेला सांगते, परिचारिका मला फोन करते, मी जाऊन पुन्हा गिरवते. स्वयंपाकी जेवणाच्या वेळी मधे उभा राहून मोठ्याने ओरडतो, सूप, मासा, खीर. म्हाताऱ्यांना मजा वाटते.

माफी मागत नाही. ती मागायचा हक्क त्या १३ मार्चला, पाच वाजायच्या आत होता.

२० तारखेला अकरा वाजता धक्क्यावर मी बोलणार आहे. तुझ्या आईला गाडी आणणार आहे. तू आलास तर तिच्या शेजारची खुर्ची ठेवली आहे. नाही आलास तर ती रिकामी ठेवायला मी सांगितलंय, आणि तिच्यावर कोणी कोट ठेवू नये म्हणून मी राखण करणार आहे.

सो. के.